पागेचे छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाई तालुक्यात कृष्णाकाठी आमच्या गावात एका इनामदार घराण्याचा जुना वाडा, त्यामागची आमराई आणि मोटेची विहीर आहे. वारसांच्या संमतीने आमची ग्रामसमिती तेथे शाळकरी मुलामुलींची निवासी निसर्गशिबिरे भरवते. मुले विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजतात आणि ती मागील नोंदींशी ताडून पाहतात. पांडवगडाची वाट चढताना ओढ्याचे पाणी कोठून येते व माती कोठे वाहून जाते, हे प्रत्यक्ष पाहतात. मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा व घाट, तसेच वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात लिंब येथे बांधवून घेतलेली बारा मोटेची विहीरही त्यांना दाखवली जाते. एका दिवसाच्या सहलीत कासची फुले पाहून होतात. एकाच आंब्याचा मोहोर आणि पुढे त्याच फांदीवरचे फळ पाहायचे, तर त्याच जागी पुन्हा पुन्हा मुक्कामाला यावे लागते, आणि आम्हाला हे दुसरे शिक्षण अधिक मोलाचे वाटते.

हा मुक्काम वाड्याच्या पागेत, म्हणजे घोड्यांच्या जुन्या तबेल्यात, होत असे. गेल्या पावसाळ्यात तिची कौले सरकली, पाणी भिंतीच्या माथ्यातून उतरले आणि तुळयांची भिंतीत गाडलेली टोके कुजली. वाळवीही लागली आहे. त्यामुळे मुलांना तेथे झोपवणे आम्ही थांबवले आहे.

कौले उतरवून स्लॅब टाकावा, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली. त्याने काम लवकर उरकेल, हे खरे. परंतु माती-चुन्याच्या या भिंतींना स्लॅबचे ओझे पेलणारे नाही, आणि त्या शोषतात ती ओल हवेत सोडतात, तर सिमेंटच्या गिलाव्याने ती आतच कोंडून राहते. म्हणून दुरुस्ती लाकूड, कौले आणि चुना यांतच करण्याचे समितीने ठरवले आहे. चुना मुरवून त्यात गूळ व बेलफळाचे पाणी मिसळण्याची रीत मुलांना काम चालू असतानाच पाहता येईल, हाही त्यामागील विचार आहे.

यासाठी रोख देणगीइतकीच वस्तूंचीही गरज आहे. जुनी घरे उतरवताना निघालेल्या सागवानी तुळया व वासे, तसेच धड असलेली जुनी कौले कोणाकडे पडून असतील, तर ती द्यावीत. वाहतुकीची व्यवस्था समिती करील. चुन्याच्या कामाची माहिती असलेले गवंडी आणि जुन्या जोडकामाचे सुतार यांना रोजच्या दराने मजुरी दिली जाईल. त्यांची नावे सुचवणे हीदेखील मोठीच मदत ठरेल. कौले उतरवण्यासाठी दर रविवारी सकाळी श्रमदान असते.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल. कामाचे अंदाजपत्रक समितीच्या कार्यालयात पाहण्यासाठी ठेवले असून जमाखर्च दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला जाईल. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागण्यापूर्वी, छप्पर पूर्ण व्हावे लागेल. तरी देणगी व साहित्य एप्रिलअखेर पोहोचवावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
वाडा दुरुस्ती ग्रामसमिती