शातोत मुक्काम ठरवताना खोलीनिहाय यादी मागवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या 'शातो'त, म्हणजे जुन्या सरदारी वाड्यात, वीस-पंचवीस जणांचा गट घेऊन राहायला जाणाऱ्यांसाठी हे पत्र.

नेहमीच्या हॉटेलात बारा खोल्या घेतल्या की बारा सारख्या खोल्या मिळतात. शातोत एक खोली दुसरीसारखी नसते. पहिल्या मजल्यावरची उंच छताची, बागेकडे खिडक्या असलेली. पोटमाळ्यावरची तिरक्या छताची, उठताना डोकं आपटेल अशी. आणि बुरुजातली, अरुंद गोल जिना चढून जायची. दर सर्वांना सरासरीने लावला असेल, तर किल्ल्या वाटतानाच रुसवेफुगवे सुरू होतात. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी यादी मागवावी: मजला कुठला, पायऱ्या किती, टब की शॉवर, पलंग एक की दोन. १४० सेंटिमीटरचा पलंगही तिथे 'डबल' धरतात; सासू-सुनेला तो कसा पुरणार? दोन पलंग हवे असतील तर 'ट्विन' असं लिहूनच घ्यावं.

लिफ्ट बहुधा नसते. ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतल्या इमारतीत कायद्यामुळे परवानगीशिवाय फेरफार करता येत नाहीत, त्यामुळे त्यावरून व्यवस्थापकाशी वाद घालून उपयोग नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी तळमजल्याच्या खोल्या आधीच राखून घ्याव्यात. आवारात बारीक खडी पसरलेली असते आणि मोठ्या बॅगांची चाकं तिच्यात रुततात. दोन रात्रींचे कपडे पाठीवरच्या पिशवीत घ्यावेत, मोठी बॅग बसच्या डिकीतच राहू द्यावी. मोठी बस फाटकातून आत येते का, हेही विचारावं.

गरम पाण्याचा हिशेब मात्र कोणीच करत नाही. ३०० लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल, तर गार पाणी मिसळून अंघोळीजोगं सुमारे ५०० लिटर होतं. शॉवरला मिनिटाला दहा लिटर लागतात. दहा-दहा मिनिटांच्या पाच अंघोळी झाल्या की टाकी रिकामी, आणि ती पुन्हा तापायला काही तास जातात. टाकी किती लिटरची आणि किती खोल्यांना मिळून आहे, हे विचारून निम्म्या लोकांनी रात्रीच अंघोळ उरकावी. विजेचंही तसंच. १६ अँपिअरच्या सर्किटवर २००० वॅटच्या दोन केटल एकदम लावल्या की भार मर्यादेपलीकडे जातो आणि वीज जाऊ शकते. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर न्यावा.

जेवणाबाबत नुसतं 'व्हेजिटेरियन' कळवू नये. त्यात अंडं चालतं असं धरतात. सूप कोंबडीच्या स्टॉकमध्ये केलेलं असू शकतं, गोडात प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं आणि बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. काय चालत नाही ते एकेक करून, फ्रेंचमध्ये, आठवडाभर आधी पाठवावं. जैन मंडळी असतील तर कांदा-लसणाबरोबर शॅलट हा छोटा कांदाही लिहावा, तो तिथल्या सॉसमध्ये हमखास असतो.

पहिल्या रात्रीचं जेवण शातोतच ठेवावं. युरोपीय नियमांनुसार बसचालकाला रोज सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते. ती ९ तासांवर आणण्याची मुभा आठवडी सुट्ट्यांच्या दरम्यान तीनदाच मिळते. बाहेर जेवून रात्री साडेदहाला परतलात, तर ती मुभा न वापरल्यास सकाळी साडेनऊच्या आत बस हलणार नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी खेड्यांतली बरीच रेस्टॉरंट बंद असतात. त्या दिवशी शातोचं स्वयंपाकघर चालू आहे ना, ते लेखी विचारून घ्यावं.

आपले,
युरोपातील गटसहलींचे नियोजक