रविवारच्या गेडन ट्रिपची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी ९ ला निघायचंय, ब्रिटिश मोटर म्युझियम, गेडन. ज्यांनी अजून हो-नाही कळवलं नाहीये त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा प्लीज, गाड्यांमध्ये सीट किती लागतील ते ठरवायचंय.

"जुन्या गाड्यांत काय बघायचं" असं विचारणाऱ्यांसाठी थोडंसं. तिथे एमजी या ब्रिटिश कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही गाडी आहे, १९२५ ची, एमजी सुरू करणाऱ्या सेसिल किंबरने बनवून घेतलेली (नाव नंबर वन पण पहिली एमजी ती नव्हेच, ही गंमत तिथे मुलांना नक्की सांगा). मला स्वतःला एमजीबी, म्हणजे त्यांचीच स्पोर्ट्स कार, जास्त आवडते, १९६२ ला एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात सुरू झाली, १.८ लिटरचं साधंसं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि घरच्या घरी पान्हे घेऊन दुरुस्त करता येतं, म्हणूनच तर ५ लाखांच्या वर बनल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. मग तिकडच्या नियमांमुळे १९७४ पासून काळे रबरी बंपर आले आणि गाडीही उंच केली, तिथेच तिचं रूप गेलं बघा. १९८० ला कारखानाच बंद.

जॅग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारचा आकार डिझायनर माल्कम सेयरचा, तो आधी विमानांच्या कंपनीत होता, ते बघताच कळतं. आणि हो, जॅग्वार २००८ पासून टाटांकडे, त्यामुळे तिथे कॉलर जरा ताठ ठेवायला हरकत नाही 😄

डबे आपापले आणा, चहा माझ्याकडे.