पाहुणा आत असताना त्याला 'आउट' दाखवणं बंद करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हिजिटर सिस्टिमच्या नव्या अपडेटबद्दल लेखी तक्रार

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. तक्रार न सोडवता तुमच्या प्रतिनिधीने ती बंद केली, म्हणून आता लेखी.

नव्या अपडेटपासून तुमची सिस्टिम पाहुणा आत आल्यापासून चार तासांनी त्याला आपोआप 'आउट' करते. पास जमा झालेला नसतो, माणूस वरच्या मजल्यावर ऑडिटच्या फायली बघत बसलेला असतो आणि रिसेप्शनच्या स्क्रीनवर मात्र तो निघून गेलेला. आधीच्या आवृत्तीत हे बंद करायची सोय होती. ती तुम्ही काढलीत.

'आत कोण आहे' ही यादी काय कामाची, हे ती बनवणाऱ्यांना तरी सांगावं लागू नये. आगीचा अलार्म वाजला की फ्रंट डेस्कवरचा माणूस ती यादी घेऊन जमायच्या जागी जातो आणि एकेक नाव पुकारतो. कर्मचाऱ्यांची हजेरी त्यांच्या विभागाकडे असते, पण पाहुण्यांची फक्त रिसेप्शनकडे. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला शोधायला कुणी आत जात नाही.

लोक आउट करायला विसरतात म्हणून हे केलं, असं तुमचं म्हणणं. विसरतात, हे खरं. आणि तेही धोक्याचंच आहे, कारण घरी गेलेल्या माणसाला शोधायला कुणीतरी धुरात शिरतं. पण त्यावरचा उपाय डेस्कवर आधीपासून आहे. पास नंबरवार हुकांना टांगायचे. संध्याकाळी ज्या नंबरचा हुक रिकामा, त्या पासची नोंद उघडायची, ज्याला भेटायला आला होता त्याला एक्स्टेन्शनवर विचारायचं, पाहुणा गेला असेल तर हाताने आउट करून शेऱ्यात 'पास जमा नाही' लिहायचं. तुमच्या सिस्टिमने फक्त न परतलेल्या पासांची यादी वेळेवर समोर आणायची होती. आता तीही मिळत नाही, कारण सगळे आपोआप 'आउट' झालेले असतात.

आता त्या फोनबद्दल. पास जमा झाल्याशिवाय आउट कसं होतं, एवढं विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, चार तासांपेक्षा जास्त थांबतं कोण?" ऑडिटर थांबतात, एसी दुरुस्त करणारे थांबतात, ट्रेनिंगला आलेले दिवसभर थांबतात, मुलाखतीला आलेला उमेदवार तिसऱ्या फेरीसाठी थांबतो. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग दर चार तासांनी परत इन करा." परत इन केलं की नवी नोंद, नवा पास नंबर, आत आल्याची मूळ वेळ गायब, आणि माणसाच्या गळ्यात जुनाच पास. हेही शांतपणे सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही रिसेप्शनवरच असता ना? ज्यांना यातलं कळतं, त्यांना फोन द्या." मागे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला आणि लाइन कापली गेली. तक्रारीचं तिकीट, म्हणजे तुमच्याकडची तिची नोंद, बंद. शेरा : 'वापरकर्त्याला प्रशिक्षणाची गरज.'

यातलं रिसेप्शनवरच्या माणसालाच कळतं. एका हाताने फोन होल्डवर टाकून दुसऱ्या हाताने कुरिअरची पोच द्यायची. सही करण्याआधी पाकिटावरचा नंबर पावतीशी जुळवायचा, पाकीट फाटलेलं असेल तर पोचपावतीवरच तसं लिहायचं, आवक नंबर टाकायचा, शिक्का मारायचा. मधेच समोरच्या पाहुण्याचं ओळखपत्र बघायचं. एवढ्यात वेळ चुकली किंवा नाव चुकलं तर जाब डेस्कलाच विचारतात, तुमच्या प्रतिनिधीला नाही. त्याने हे काम केलेलं नाही, हे त्याच्या प्रत्येक वाक्यातून कळत होतं. त्याचा राग नाही. न विचारता शिकवायला निघाला, त्याचा आहे.

याच अपडेटने फोनचं ट्रान्सफरही बिघडवलं. पूर्वी कॉल होल्डवर ठेवून एक्स्टेन्शन लावता यायचं, कोण आहे आणि काय काम आहे ते सांगून मग जोडता यायचं. आता बटण दाबताच कॉल थेट जातो. पलीकडे कुणी उचलला नाही तर तो डेस्ककडे परत न येता तुटतो. नाव, नंबर, वेळ आणि काम लिहून घेऊन निरोप ठेवण्याची संधीच उरत नाही. फोन करणारा पुन्हा लावतो, तेव्हा तो चिडलेला असतो.

पासची लेबलं थर्मल कागदाची आणि सोबत दिलेली पाकिटं पीव्हीसीची. त्यात अक्षरं पुसट होतात. पाकिटं बदलून द्या, त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

पण आपोआप आउट आधी थांबवा. पुन्हा लिहिते, कारण फोनवर प्रत्येक वेळी विषय लेबलांकडे वळवला गेला : जिवंत माणूस इमारतीत असताना तुमची यादी त्याला बाहेर दाखवते.

हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत आपोआप आउट बंद करण्याची सोय परत द्या, न परतलेल्या पासांची यादी द्या, आणि न उचललेला कॉल 30 सेकंदांत डेस्कवर परत येईल अशी व्यवस्था करा. तोवर गेटपाशी कागदी रजिस्टर चालू केलं आहे. आग लागली तर नावं त्यातूनच पुकारली जातील. मुदतीत काम झालं नाही तर वार्षिक नूतनीकरण होणार नाही आणि या पत्राची प्रत आमच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत व्यवस्थापनाकडे जाईल. इतकी वर्षं ही सिस्टिम इतरांना सुचवली, ते यापुढे बंद.

तिकीट पुन्हा उघडा, त्यावरचा शेरा काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. फोन करू नका.

फ्रंट डेस्क प्रमुख