आधी पुंगळी, मग वेग

महोदय,

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ राज्यांत उन्हाळ्यात प्रेअरी डॉगवर रायफल चालवणे हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. हा खारीच्या कुळातला, बिळे करून राहणारा प्राणी. गुरांचे गवत खातो म्हणून कुरणवाल्यांचा त्याच्यावर राग. इकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काही जण या छंदाकडे वळतात आणि पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या सांगण्यावरून सर्वांत वेगवान रायफल घेऊन घरी येतात. पुढे काडतुसांच्या किमती पाहून, वापरलेल्या पुंगळ्या म्हणजे त्यांची पितळी कवचे घेऊन, स्वतःच ती भरायला बसतात. हा क्रम उलटा आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात .२२३ रेमिंग्टन या काडतुसाच्या रायफलने करावी. ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) गोळी तीतून सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी सुटते. .२२-२५० रेमिंग्टन हीच गोळी सुमारे ३,६८० फुटांनी सोडते. जाणकार शिकारी हे काडतूस अनेक वर्षे घरीच बनवत होते, १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात आणले. ते उत्तम आहे, पण या जादा चारशे-साडेचारशे फुटांसाठी जवळपास दीडपट दारू जाळावी लागते आणि तिची झळ नळीच्या घशाला, म्हणजे गोळी जिथून नळीत शिरते त्या भागाला, बसते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत तासाभरात शंभर बार सहज होतात. .२२३ ते सोसते. .२२-२५० ची नळी एवढी तापते, की तिच्यावरची हवा थरथरून दुर्बिणीतले चित्र हलू लागते आणि घसा खडबडीत होऊन नेम कायमचा बिघडतो. नळीला हात लावून धरवत नसेल तर थांबा. अडीचशे यार्डांच्या आत दोन्हींतला फरक नवशिक्याला जाणवणारसुद्धा नाही.

नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा, पाहूनच गोळी निवडावी. जुन्या .२२-२५० मध्ये साधारणपणे १४ इंचांत एक फेरा असतो, तिला ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मानवतात. त्याहून लांब गोळी हवेत सरळ राहत नाही, लक्ष्यावर आडवी पडते आणि गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी खूण उमटते. उलट, ८ इंचांत एक फेरा असलेल्या .२२३ मध्ये पातळ कवचाची हलकी गोळी मिनिटाला २,९०,००० च्या वर फेरे घेते आणि कधी कधी वाटेतच फुटते. लक्ष्यावर भोक नाही आणि हवेत राखाडी रेघ दिसली, तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

आता भरण्याकडे. प्रेस (पुंगळी दाबण्याचे यंत्र), डाय (तिला आकार देणारा साचा), शेलहोल्डर (तिचा तळ धरणारा भाग), ०.१ ग्रेन दाखवणारा वजनकाटा, कॅलिपर, पुंगळ्या कापण्याचे यंत्र आणि दारूच्या वा गोळीच्या कंपनीची चालू आवृत्तीची पुस्तिका एवढे पुरते. पुस्तिकेवर पैसे वाचवणारे लोक पाहिले की आश्चर्य वाटते.

बहुतेक चुका पुंगळीला मापात आणताना होतात. फुल-लेंग्थ डाय शेलहोल्डरला टेकवून वर आणखी आवळायची, अशी सूचना अनेक ठिकाणी छापलेली असते. त्याने पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा खूप मागे जातो. बार झाला की खांदा चेंबरला (काडतूस बसते त्या पोकळीला) भिडायला पुढे जातो आणि पितळ तळाच्या जरा वर ताणले जाते. दोन-चार वेळा असे झाले की तिथे चकाकणारे कडे दिसते, मग भेग पडते आणि एके दिवशी पुंगळीचे अर्धे अंग चेंबरमध्येच राहते. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) असलेल्या रायफलसाठी खांदा फक्त एक ते दोन हजारांश इंच मागे घ्यावा. कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचा जोड) लावलेल्या कॅलिपरने आपल्याच रायफलमधून सुटलेली पुंगळी आधी मोजावी, मग डाय थोडी थोडी खाली आणावी. ते कडे डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळते: टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवा, अडखळली तर पुंगळी टाकून द्या. वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकते, जास्त झाले तर खांद्यावर खड्डे पडतात. .२२३ पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच, ती १.७५० पर्यंत कापावी. लांब राहिली तर तोंड चेंबरच्या टोकात दाबले जाते, गोळी मोकळी सुटत नाही आणि दाब एकदम चढतो.

दारूचा आकडा या पत्रात मुद्दाम देत नाही, कोणाच्या तोंडून ऐकलेलाही वापरू नये. पुस्तिकेत सुरुवातीचे वजन दिलेले असते, बहुधा कमाल वजनाच्या दहा टक्के खाली. तिथूनच चढायचे. पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टिकली), गोळी किंवा दारूचा डबा, यांतले काहीही बदलले की पुन्हा खालून. लष्करी पुंगळ्या पुष्कळदा आतून जाड असतात, तेवढ्याच दारूत दाब जास्त येतो. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवावा. पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की गोळ्या बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांतली पातळी पाहावी. दारूच पडली नसेल तर नुसत्या प्रायमरने गोळी नळीत अर्ध्यात अडकते आणि मागून दुसरी आली की नळी फुटते. बार हलका वाटला तर दुसरा ओढू नका, बोल्ट काढून नळीतून आरपार पाहा.

प्रायमर चपटा झाला म्हणजे दाब जास्त आणि गोल राहिला म्हणजे कमी, ही समजूत अर्धवट आहे. बोल्ट उचलायला जड गेला किंवा पुंगळीच्या तळावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा उमटला, की मात्र तिथेच थांबायचे. मार्चच्या थंडीत बसवलेले कमाल वजन जुलैच्या ३८ अंशांत, त्यातही तापलेल्या चेंबरमध्ये, जड जाऊ शकते. हा छंद उन्हाळ्याचाच असल्याने थोडे खाली राहणे बरे.

मेलेले प्राणी गरुड खातात आणि शिसे त्यांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे. बिनशिशाची गोळी तेवढ्याच वजनात लांब होते, म्हणून १४ इंचांच्या आट्यांसाठी ३५-४० ग्रेनच्या आसपासची घ्यावी. काळ्या पायांचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा दुर्मीळ प्राणी) बहुतांशी प्रेअरी डॉगवरच जगतो आणि युटा प्रेअरी डॉगला संघीय संरक्षण आहे, तेव्हा जागा व जात दोन्ही तपासूनच परवाना काढावा.

भारतात यातले काहीही करू नये. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो, आणि कलम १० नुसार आयातीलाही. रेंजवर नेलेली बॅग मुंबईच्या प्रवासाला वापरू नका. अस्तरात राहिलेले एक जिवंत काडतूसही विमानतळावर गुन्हा नोंदवायला पुरेसे ठरते, आणि ते नकळत आल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध करत बसावे लागते.

– एक वाचक, रॅपिड सिटी, साउथ डकोटा