सांतियागोला हो कळवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर आईचा आवाज ऐकला की माझं धैर्य गळतं, म्हणून लिहितेय. चिलीतल्या सांतियागोच्या नोकरीला मी हो कळवलंय. तीन वर्षं. सोमवारी सह्याही केल्या. नाशिकच्या वेळेसारखं आधी विचारायचं आणि मग आपलंच खरं करायचं, हे मला पुन्हा नको होतं.

बाबा, ‘तिथेच का?’ म्हणाल. माझे तपकिरी बटू, म्हणजे मी अभ्यासते ते तारा होता होता राहिलेले पिंड, बाळपणीच काय ते खातात. भोवतीची वायू-धुळीची तबकडी काही दशलक्ष वर्षांत विरते, मग वाढ संपली. गुरूच्या साधारण 75-80 पट वस्तुमान जमलं नाही, तर पोटात हायड्रोजनची भट्टी टिकत नाही. ते एवढेसेच का राहतात? कुणी म्हणतं, ढगाचा तुकडाच लहान होता. कुणी म्हणतं, भावंडांच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेले, भरल्या पंगतीतून उठवलेल्या पोरासारखे. (दुसरं ऐकलं की मला सुमीच्या मुंजीतले बाबा आठवतात.) आणि खाणंही नेमाचं नाही. 2025 मध्ये त्यांच्याहूनही हलका, गुरूच्या 5 ते 10 पट वस्तुमानाचा एक एकटा पिंड सेकंदाला 600 कोटी टन वायू-धूळ गिळताना दिसला, काही महिन्यांपूर्वीच्या आठपट! चिलीतल्याच दुर्बिणीने पाहिला. तो आहे दक्षिणेच्या सरडा तारकासमूहात; आपल्या गच्चीवरून तो कधी उगवतच नाही.

दुर्बिणीची माहिती घरबसल्याही मिळते, हे भाऊकाका सांगतीलच. खरंय. पण ज्यांच्याशी रोज वाद घालायचाय, ती माणसं तिथे आहेत.

खोलीला ऊन आहे, गॅस आहे, कुकर मी नेतेय. तूरडाळ नाही मिळाली तर मसुरावर भागवेन. तुमचा सकाळचा चहा म्हणजे माझं रात्रीचं जेवण, तेव्हा रोज बोलू. आई, मी अजूनही ताप आला की तुझी जुनी साडीच पांघरते.

आता ऐका. मोतीबिंदू दिवाळीआधी काढायचा, ‘ती आली की बघू’ चालणार नाही. बाबांनी स्टुलावर चढून पंखा पुसायचा नाही. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. रागावले नाहीये, नुसतं सांगतेय.

मार्चमध्ये तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. बाबा, गच्चीच्या कुलपाला तेवढं तेल घालून ठेवा.

तुमची,
चिमी