चॅसिस क्रमांकांचा चकवा

संपादक महोदय,

दुर्मीळ मोटारी किती बनल्या हे ठरवताना शेवटच्या चॅसिस क्रमांकातून (गाडीच्या सांगाड्यावरील ओळख क्रमांकातून) पहिला वजा करून, त्यात एक मिळवून अनेक जण मोकळे होतात. फेरारी २५० जीटीओचे क्रमांक ३२२३ ते ५५७५. म्हणजे २,३५३ गाड्या? बनल्या ३६, १९६२ ते १९६४ दरम्यान! (चार लिटर इंजिनाच्या तीन धरल्यास ३९, वाद तिथेच.) कारण क्रमांक फक्त विषम, शिवाय तीच मालिका इतर मॉडेलांनाही.

मालिका स्वतंत्र, सलग आणि १ पासून असेल तरच एकूण गाड्यांचा अंदाज देणारे सूत्र चालते : सर्वांत मोठा क्रमांक, त्यात तोच क्रमांक भागिले सापडलेल्या गाड्यांची संख्या मिळवून १ वजा. सापडलेल्या पाच गाड्या, मोठा क्रमांक ६०, तर अंदाज ६० + १२ − १ = ७१. इंजिन क्रमांक धरू नयेत. इंजिने बदलली जातात.

– एक वाचक, पुणे