कार्ड कुटुंबाचे, फाईल एकटीची : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य,
यांस सविनय नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते. मला अंडाशयाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झाले, केमो झाली, बरे वाटू लागले आणि मग तो पुन्हा उलटला. सध्या परत केमो चालू आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डामुळे आमच्यावर दागिने मोडायची पाळी आली नाही, हे आधीच सांगते, कारण हे पत्र पैशांसाठी नाही.

या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख रुपयांचे आणि चार किंवा अधिक माणसांच्या घराला चार लाखांचे संरक्षण मिळते. म्हणजे रक्कम ठरवताना सरकार घरातली माणसे मोजते. उपचार सुरू झाले की मात्र एकटी रुग्ण उरते. माझ्या फाईलमध्ये माझे सगळे रिपोर्ट आहेत. माझी मुलगी, नवरा, सासूबाई त्यात कुठेच नाहीत. हा आजार मात्र त्या सगळ्यांना झाल्यासारखा आमच्या घरात राहतो आहे.

आधी निदानाचे सांगते. पोट फुगते, दोन घासांत भरल्यासारखे वाटते, ओटीपोटात दुखते, सारखे लघवीला जावे लागते. ही लक्षणे आमच्याकडे कुणी आजारात धरत नाही. माझ्या परकराची नाडी पुरेनाशी झाली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "वयाप्रमाणे अंग सुटतं गो." वाटीभर पेज प्यायले तरी पोट टम्म व्हायचे. ज्या दवाखान्यात जात होते तिथे आम्लपित्ताच्या गोळ्या बदलून मिळत राहिल्या. सोनोग्राफी झाली तोवर पोटात पाणी झाले होते. बहुतेक बायकांना हा आजार असाच तिसऱ्या टप्प्याला पोचल्यावर कळतो.

साहेब, मी गावोगावी शिबिरे मागत नाही. स्तनांच्या कर्करोगासाठी राज्याने २०२१ पासून तपासणीची मोहीम चालवली, तिचा बायकांना उपयोग झाला. अंडाशयाचे तसे नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक निरोगी बायकांवर मोठा अभ्यास झाला. दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असा त्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीतही हा कर्करोग दिसत नाही. 'पॅप केली, सगळं नॉर्मल आहे' म्हणून निश्चिंत झालेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत.

मग करता येण्यासारखे काय आहे? लक्षणे असलेल्या बाईला वेळेवर पुढे पाठवणे. ब्रिटनमध्ये २०११ पासून डॉक्टरांना सूचना आहे की अशी लक्षणे वारंवार दिसली, विशेषतः बाई पन्नाशीपुढची असेल, तर सीए-१२५ करावी आणि तिचा आकडा वाढलेला असेल तर सोनोग्राफी. आपल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला असे एक पानी परिपत्रक का जाऊ नये? पन्नाशीच्या बाईला पहिल्यांदाच 'गॅस' सुरू झाला आणि तो दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर गोळी बदलण्याआधी पोट तपासा, एवढेच त्यात लिहायचे आहे. गोवा लहान आहे. साखळीहून किंवा वाळपईहून निघालेली बाई बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पोचून संध्याकाळी घरी परत येऊ शकते. आमच्याकडे उशीर होतो तो रस्त्यामुळे नव्हे, पुढे पाठवायची चिठ्ठी लिहिली जात नाही म्हणून.

आता माझ्या मुलीचे. ती सत्तावीस वर्षांची आहे. एका रात्री भांडी आवरता आवरता तिने विचारले, "आई, मलाही होईल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. नंतर कळले की विचारणे योग्यच होते. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या साधारण दर पाच-सहा बायकांमागे एकीला तो बीआरसीए १ किंवा २ या जनुकातल्या जन्मजात दोषामुळे होतो. आईत दोष असेल तर तो मुलीत, तसाच मुलातही, उतरण्याची शक्यता निम्मी. बापाकडूनही तो येतो, हे तर कुणाच्या गावीही नसते. मुलीत दोष सापडला तर तिला वेळेत सावध होता येते, मुले झाल्यावर अंडाशय आणि बीजनलिका काढून धोका पुष्कळ कमी करता येतो. सापडला नाही तर ती सुटकेचा श्वास घेईल. मला हवी आहे ती ही जनुकांची तपासणी, आणि तिच्या आधी-नंतर शांतपणे समजावून सांगणारा जाणकार माणूस. या दोन्ही गोष्टी योजनेत आणा.

हे आणखी एका कारणासाठी सांगते. मुलीसाठी एक स्थळ आले होते. आईला काय झाले आहे ते कळल्यावर त्यांचा फोन आला नाही. त्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी समजावलेलेच नाही. पण अशा भीतीपोटी कितीतरी घरांत आजाराचे नावच घेत नाहीत, बहिणींना-भाच्यांना सांगत नाहीत, आणि ज्यांनी सावध व्हायचे त्याच अंधारात राहतात.

माझे यजमान पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला, आता ते भाड्याची पिकअप चालवतात. केमोच्या दिवशी त्यांची भाडी बुडतात. ते तक्रार करत नाहीत, बोलतच नाहीत. एकदा त्यांना बाहेरच्या बाकावर बसून माझ्या औषधांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचताना पाहिले. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने माझी बोटे बधिर झाली आहेत. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना सुंभाची गाठ मला मारता येईना, तेव्हा मुकाट्याने त्यांनीच सगळी फळे बांधली. अशा माणसाशी बोलायला कुणीतरी हवे. चाळिशीतच ऑपरेशनने पाळी गेलेल्या बाईशी आणि तिच्या नवऱ्याशीही कुणी बोलायला हवे. ते दोघे आपणहून डॉक्टरांना काहीच विचारणार नाहीत.

आणि ताप. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला की रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यायचे असते, गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नसते. हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगणार? दिवसा घरात माझ्याजवळ त्याच असतात. प्रत्येक केमो रुग्णाच्या घरी मराठी-कोकणीतले एक कार्ड द्या, आणि जवळच्या आरोग्य केंद्राला त्या रुग्णाची नोंद द्या.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यापुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे देण्याचे जाहीर केले आहे. म्हापसा आणि मडगावची व्यवस्था ठरवताना खाटा आणि औषधांबरोबर घरच्यांसाठी समुपदेशकाचे पदही त्यात घाला.

परिपत्रक लिहायला घ्याल तेव्हा आमच्यासारख्या दोन-चार बायकांना घरच्यांसह पर्वरीला सचिवालयात बोलवा. केमोचा आठवडा सोडून मी कधीही येईन. मुलीलाही आणीन, तिचे प्रश्न तिनेच विचारलेले बरे.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक रुग्ण